आपोआप बदलणारी पाटी

३ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,

नमस्कार. तुमच्या डॉक्टरबाईंनी विचारलं म्हणे, "हे वेबपान कोणत्या कंपनीकडून करून घेतलंत?" त्यांना पुढचं वाचून दाखवा.

आजवर मी स्वतः केलेली कामं: दुकानावरच्या राहत्या घराचा लाकडी जिना. एकही पायरी करकरत नाही. आईच्या चष्म्याची दांडी, तांब्याच्या तारेची. नवा चष्मा आणून दिला तरी तिने शेवटपर्यंत तोच घातला. दादाच्या मोटारसायकलचं सीट. कपड्यांचं कपाट, ज्याचं दार आजवर एकदाही आपलं आपण उघडलेलं नाही. या शहरातल्या साडेतीनशेहून जास्त दुकानांच्या पाट्या, ब्रशने रंगवलेल्या, अक्षरं टेपपट्टी न लावता सरळ. मग छापील फलक आले, आमचा धंदा त्यांनी गिळला, तेव्हा चाळिशी उलटल्यावर पुस्तकं आणून, शिकवणी न लावता, एकवीस वेबपानं. तुमच्या डायलिसिस केंद्राचं हे बाविसावं. कंपनी नाही. दोन हात आणि एक चष्मा.

आता पान काय करतं ते. प्रत्येक पेशंटला एक क्रमांक आहे. त्याच्यापुढे खुर्ची कोणती आणि किती वाजता, एवढंच दिसेल. मशीन बिघडलं किंवा कुणाला आधी घ्यायचं ठरलं, तर तुम्ही काउंटरवर वेळ बदलायची. अर्ध्या मिनिटाच्या आत पेशंटच्या फोनवर ती आपोआप बदलेल. पान पुन्हा उघडायची गरज नाही. सारी करामत जावास्क्रिप्टची, म्हणजे पानाच्या पोटात लिहिलेल्या सूचनांची. पाटी तीच, शिडी न लावता अक्षरं बदलतात. उभ्या जन्मात मला हे जमलं नव्हतं, आता जमलं.

वरच्या कोपऱ्यात गोल घड्याळ आहे, सेकंदकाट्यासकट. चित्र चिकटवलेलं नाही. रेघ न् रेघ मी काढली आहे. डॉक्टरबाईंचं लक्ष तिकडे जाईल असं बघा.

भिंतीवर लावायचा कागद सोबत जोडला आहे. "पान एकदा उघडा. बंद करू नका. बदल आपोआप दिसेल." शब्द बदलू नका, मापून बसवले आहेत.

तुमचा दीर


११ फेब्रुवारी

भावजी,

नमस्कार. पान सुरू झालं. डॉक्टरबाईंना यादी वाचून दाखवली. चष्म्याच्या दांडीपाशी हसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, महिना-दोन महिने बघू."

पेशंट खूश आहेत. आधी यायचे आणि बाकावर ताटकळत बसायचे, आता घरून बघून निघतात. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आठवड्यातून तीनदा येतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात. एकटेच राहतात. त्यांनी मनगट फोनशेजारी धरलं, तुमचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि म्हणाले, "सेकंदाचा फरक नाही. करणारा हाडाचा कारागीर आहे." तुम्हाला कळवायला सांगितलंय. कळवलं. आता जमिनीवर या.

दोघा-तिघांचं म्हणणं आहे की त्यांच्या फोनवर वेळ बदलत नाही. मी फोन हातात घेऊन पान पुन्हा उघडते, तर बरोबर दिसतं. काय ते तुम्हीच बघा.

हे म्हणतात, "धाकट्याने केलंय म्हणजे देखणं असणारच. चालतं का ते विचार." मी म्हटलं, तुम्ही अजून फोनवर उघडूनसुद्धा बघितलं नाहीत, तुम्हाला बोलायचा हक्क नाही.

वहिनी


१४ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,

घड्याळजींना माझा नमस्कार सांगा. पारख असलेली माणसं कमी राहिली.

त्या दोघा-तिघांचं म्हणाल तर माझ्याकडे पान चालतं. दुकानातल्या संगणकावर चालतं, माझ्या फोनवर चालतं, हिच्या फोनवर चालतं. पुन्हा उघडल्यावर बरोबर दिसतं, म्हणजे माहिती बरोबर आहे. दोष त्यांच्या फोनचा असणार.

तरी समजावून सांगतो. फोनमध्ये पान उघडून दाखवणारा जो असतो, त्याला ब्राउझर म्हणतात. तो एकच नसतो. एका स्वयंपाकघरात तीन जावा असाव्यात, तसं आहे. तिघींना तुम्ही तेच सांगायचं: भाजीत मीठ घाल. एक घालते. दुसरी विचारते, किती? तिसरी घालत नाही, वर काही बोलतही नाही. पान लिहिणाऱ्याने तिघींचे स्वभाव ओळखून लिहावं लागतं, आणि मी ते लिहिलं आहे.

एक शक्यता मात्र आहे. काही जुने ब्राउझर आळशी असतात. तीच चौकशी पुन्हा केली की सर्व्हरकडे, म्हणजे तुमच्या केंद्रात माहिती साठवणाऱ्या संगणकाकडे, जातच नाहीत, मघाचं उत्तर काढून समोर ठेवतात. म्हणून आता प्रत्येक चौकशीच्या शेपटीला दर वेळी वेगळा आकडा जोडला आहे. चौकशी नवी दिसली की त्याला उठून जावंच लागतं. आज बदल केला. आता तक्रार येणार नाही.

तुमचा दीर


२६ फेब्रुवारी

भावजी,

काउंटरवरचा जुना संगणक वेळ बदलायचा नाही, तो तुमच्या शेपटीने सुधारला. काही फोन अजून तसेच आहेत. पण चालवून घेते. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. डॉक्टरबाईंकडे कुणाची तक्रार गेलेली नाही.

जावांचं उदाहरण तुमच्या बायकोला वाचून दाखवलंत का? यातली तिसरी कोण, हे तिने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, आपण दोघीच आहोत, तिसरी तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात आहे.

जास्त लिहीत नाही. हल्ली सकाळी लवकर निघावं लागतं, काम वाढलंय. यांची चिडचिड चालू असते की चहा स्वतःला करून घ्यावा लागतो. साखर कुठे असते हे इतक्या वर्षांनी विचारलं.

वहिनी


२ मार्च

सौ. वहिनींस,

तक्रार नाही हे वाचून समाधान झालं, आश्चर्य वाटलं नाही.

उरलेल्या फोनांसाठी आणखी एक बारकावा दुरुस्त केला. पानावरच्या चौकटीतला मजकूर बदलायला दोन आज्ञा आहेत. मी वापरलेली आज्ञा काही जुने ब्राउझर जाणत नाहीत. दुसरी सगळे जाणतात. ती घातली. त्याशिवाय जुने काही ब्राउझर तक्त्याच्या आतल्या ओळी एका फटक्यात बदलू देत नाहीत, म्हणून आता एकेक घर स्वतंत्र बदलतं. काम वाढलं, पण नीट झालं. शिकलेल्या पोरांची पानं मी बघतो. एवढं कुणी करत नाही.

एक विनंती. डॉक्टरबाईंनी त्यांच्या छापील कागदावर दोन ओळी लिहून दिल्या तर दुकानात लावता येतील. "महिनाभरात एकही तक्रार नाही" एवढं पुरे. चौकट मी करतो.

तुमचा दीर


१९ मार्च

भावजी,

दोन ओळी मागितल्या होत्यात. डॉक्टरबाईंनी दोन ओळी दिल्या आहेत, पण मला. "वेळेतील बदल पेशंटपर्यंत का पोहोचला नाही, याचा लेखी खुलासा करावा."

आता जे आधी सांगायला हवं होतं ते सांगते. तक्रारी येत नव्हत्या, कारण मी त्या येऊ देत नव्हते. ज्यांच्या फोनवर पान बदलत नाही अशी अकरा माणसं आहेत. रोज सकाळी केंद्र उघडायच्या आधी येऊन मी त्या अकराही जणांना फोन करत होते, आणि दिवसात वेळ बदलली की पुन्हा. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही, कारण पान आणायला मीच सांगितलं होतं, "माझा दीर करतो, त्याच्या कामात खोट निघत नाही." तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचं पत्र येतं तेव्हा त्यात तुम्ही इतके खूश असता की कोण सांगणार? यांनी सांगितलं होतं, "लिही त्याला स्पष्ट." मी ऐकलं नाही.

गेल्या आठवड्यात मला ताप होता. दोन दिवस उठले नाही. काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिला फोनांचं माहीत नव्हतं; कसं असणार? पान आहे, पान सांगतं, असं तिला वाटलं. पहिल्याच दिवशी एक मशीन बंद पडलं आणि घड्याळजींची दुपारची वेळ सकाळी घ्यावी लागली. तिने वेळ बदलली. घड्याळजी पान उघडूनच बसले होते, कागदावर लिहिलंय तसं, बंद न करता. त्यांना दुपारच दिसत राहिली. ते दुपारी आले तेव्हा खुर्ची नव्हती. दुसऱ्या दिवशीही मिळाली नाही. या माणसांचं एक डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साचतं, दम लागतो. शेजाऱ्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलं. चार दिवस तिथे होते. वाचले. काल पुन्हा आमच्याकडे आले, भिंतीला धरून.

मी त्यांना विचारलं, "काका, एक फोन तरी करायचा होतात." ते म्हणाले, "अहो, पानावरचं घड्याळ चालू होतं. सेकंदकाटासुद्धा फिरत होता. बंद पडलेलं असतं तर मी ओळखलं नसतं का?"

डॉक्टरबाई महिनाअखेर ठरवणार आहेत. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याचं यंत्र घेतलं की काउंटरवर माणूस लागत नाही, असं सांगून गेला. माझ्यासमोरच. नोकरी गेली तर जाईल. पण उद्या आणखी कुणी चुकलं तर मी तोंड कुठे लपवू?

वहिनी


२० मार्च

वहिनी,

पत्र तीन वेळा वाचलं. खुलाशात माझं नाव घाला. पान माझं, चूक माझी, असं लिहा. खाली सही पाठवतो.

ते अकरा फोन आजपासून सगळ्यांच्या देखत चालू ठेवा. भिंतीवरचा कागद फाडा. त्या जागी हाताने लिहा: "निघण्यापूर्वी केंद्राला फोन करा." अक्षर कसंही असू दे.

आता काम. त्या अकरा जणांचे फोन एकाच जातीचे आहेत का? तसला माझ्याकडे नाही, दुकानात येणाऱ्या कुणाकडे नाही. आहे का, हे मी विचारलंही नव्हतं. माझ्याकडे चालतं, एवढ्यावर थांबलो. तुमच्या घरात कुणाकडे आहे का बघा.

सोबतच्या पत्त्यावर एक वेगळं पान ठेवलं आहे. शोभेचं काही नाही. प्रत्येक पायरीला काय झालं ते ओळीने लिहून दाखवतं. तसल्या फोनवर उघडा, एक मिनिट थांबा, दिसेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. मनाने काही सुधारू नका.

दीर


२१ मार्च

धाकट्या,

तुझी वहिनी कामावर आहे, म्हणून मी लिहितो. फोन माझाच निघाला, त्याच जातीचा. महिनाभर घरात होता. मी तुझं पान एकदाही उघडलं नाही, म्हणून मीही शहाणा नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणी बोलता येईल.

तुझ्या पानावरचं जसंच्या तसं:

सर्व्हरकडे गेलो: हो.
उत्तर आलं: हो.
उत्तरातली वेळ वाचली: इनव्हॅलिड डेट. (हे इंग्रजीत.)
आधीपेक्षा नवी आहे का: नाही.
पाटी बदलली: नाही.

दर अर्ध्या मिनिटाला हेच पाच ओळींचं भजन. मी संगणक शिकलेलो नाही, पण तिसऱ्या ओळीला घसा बसला हे मलाही दिसतं.

नंतर तुझं मूळचं पान उघडलं. तिला काउंटरवरून माझी, म्हणजे एका खोट्या पेशंटची, वेळ बदलायला सांगितली. तिने बदलली. माझ्याकडे जुनीच. वर कोपऱ्यात घड्याळ टकाटक चालू. म्हणून एक विचारतो, राग मानायचा तर मान. ते घड्याळ कुणाचं? तुझ्या माहितीचं, की माझ्या फोनचं? मी फोनचं इंटरनेट बंद केलं तरी ते चालूच राहिलं. म्हणजे बातमी मेली तरी घड्याळ जिवंत. आपल्या वडिलांच्या कचेरीत एक कारकून होता, आठवतो? साहेब रजेवर असला तरी त्याच्या खुर्चीवर कोट लटकवून ठेवायचा. तसलं झालं हे.

तिचा ताप उतरलाय, पण पारा चढलेला आहे. तुझ्यावर नाही, स्वतःवर. घड्याळजी तिला रोज म्हणतात, "तुमचा काय दोष?" त्याने ती आणखी रडते. लवकर काहीतरी कर.

दादा


२३ मार्च

ती. दादा आणि सौ. वहिनींस,

सापडलं. दोघांनाही कळेल असं लिहितो, कारण डॉक्टरबाईंना समजावून सांगायचं काम वहिनींवर येणार.

सर्व्हर प्रत्येक बदलाबरोबर त्याची तारीख पाठवतो: आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग थोडी मोकळी जागा, मग तास आणि मिनिटं. ती समजून घ्यायचं काम मी ब्राउझरवर सोडलं होतं. माझ्याकडचा ब्राउझर समजून घेतो. दादाच्या फोनमधला त्या मोकळ्या जागेशी अडतो आणि म्हणतो, ही तारीखच नव्हे. इथे त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो करत नाही. पुढच्या पायरीला मी विचारलं होतं, ही वेळ आधीच्या वेळेपेक्षा नवी आहे का? तो म्हणतो, नाही. जुनी आहे का विचारलं असतं, तरी नाहीच म्हणाला असता. जी वेळच नव्हे ती नवी कशी आणि जुनी कशी? पण "नाही" ऐकून माझ्या पानाने समजूत करून घेतली की काही बदल नाही, आणि ते स्वस्थ बसलं. पान नव्याने उघडलं की सर्व्हर पहिला मजकूर तयार करूनच पाठवतो, तिथे तारीख वाचावी लागत नाही. म्हणून वहिनींच्या हातात आलं की बरोबर, पेशंटच्या हातात चूक. आणि कागदावर मीच लिहिलं होतं, बंद करू नका.

सोपा इलाज असा की मोकळ्या जागी एक ठरलेलं अक्षर घालायचं. घालून बघितलं. दादाचा फोन तरला, पण काउंटरचा जुना संगणक तीच वेळ परमुलखातली समजायला लागला, काही तास पुढेमागे. एकीचं मीठ बेतावं तर दुसरीचं तिखट. म्हणून आता तारीख कुणालाही वाचायला देत नाही. मी स्वतः तिचे तुकडे करतो आणि एकेक आकडा वेगळा हातात ठेवतो. (या भाषेत वर्षाचा पहिला महिना शून्य धरतात. कुणाची अक्कल कोण जाणे. तो एकही वजा केला आहे.)

ही झाली ब्राउझरची चूक, म्हणजे त्याच्यावर विसंबलो ती माझी. दादाने विचारलेलं मात्र ब्राउझरवर ढकलता येत नाही. घड्याळ फोनचं होतं. ते मी शोभेसाठी लावलं होतं. शिळ्या माहितीशेजारी आत्ताची वेळ लिहिलेली पाटी मी रंगवली आणि ती सगळ्यांनी खरी धरली, कारण ती सुबक होती. दुकानाच्या पाटीवर "उघडे आहे" असं मी रंगवलं आणि आत कुलूप असलं, तर गिऱ्हाईक कुलपाला शिव्या देत नाही.

घड्याळ काढलं. त्या जागी साधी ओळ आहे: "ही माहिती इतक्या वाजता तपासली." सर्व्हरचं उत्तर येऊन ते नीट वाचता आलं, तरच ती वेळ पुढे सरकते. तीन मिनिटं सरकली नाही, किंवा उत्तरातलं काहीही वाचता आलं नाही, तर पानावर वरच्या बाजूला आडवी पिवळी पट्टी येते: "ही माहिती जुनी असू शकते. केंद्राला फोन करा." खाली काउंटरचा नंबर, बोट लावलं की फोन लागतो. कोणत्याही ब्राउझरने कसाही घोळ केला, तरी आता तो गुपचूप करता येणार नाही.

शनिवारी मी येतो. पेशंटांचे जेवढे फोन असतील तेवढे हातात घेऊन बघणार आहे. दादा, तुझ्याकडे राहीन, साखर मी शोधतो.

दीर


९ एप्रिल

भावजी,

तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते कळवते.

आधी त्या शनिवारबद्दल. तुम्ही बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पेशंटांचे फोन मांडून बसलात, मासळीबाजारात बसतात तसे, आणि प्रत्येक फोनला "हं, आता तू बोल" म्हणत होतात. ते बघायला डॉक्टरबाई दोनदा केबिनबाहेर आल्या होत्या. तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसल्या नाहीत. एका पेशंट मावशींचा फोन तुम्ही परत द्यायला विसरला होतात, पाकिटातून पाठवलात तो मिळाला.

तुमचं आणि घड्याळजींचं बोलणं मी काउंटरवरून ऐकलं. मुद्दाम ऐकलं. त्यांनी विचारलं, "घड्याळ का काढलंत? छान होतं की."

तुम्ही म्हणालात, "ते तुमच्या फोनचं होतं, काका. माझ्या पानाचं नव्हतं."

"म्हणजे माझ्याच फोनने मला फसवलं?"

"नाही. मी."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तुमच्या हातात दिलं, आणि त्याचं मागचं झाकण उघडायला लावून तासभर काय काय दाखवत बसले. तुम्ही चहासुद्धा प्यायला नाहीत. घरी येऊन तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, म्हणून हे विचारतात, काय दाखवलं? मी म्हटलं, काही गोष्टी नका विचारू.

परवा आमच्या रस्त्यावरची तार तुटली आणि केंद्राचं इंटरनेट गेलं, सर्व्हरही इथलाच. सगळ्यांचे फोन एकदम पिवळे! जो तो काउंटरला फोन करतोय. ती दुसरी मुलगी आणि मी बोलून बोलून थकलो. एका बाईंनी तर पट्टी जाईपर्यंत सहा वेळा केला. पण एकही जण चुकला नाही, भावजी. एकही नाही. संध्याकाळी डॉक्टरबाई काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "पान राहू दे. तुम्हीही राहा. फोन उचलायला कुणीतरी लागणारच." मी हो म्हटलं आणि आत जाऊन तोंड धुतलं.

त्या दिवशी कंपनीचा तो माणूस पुन्हा आला होता. सगळा गोंधळ त्याने कोपऱ्यात उभा राहून बघितला. तुमचा नंबर मागितला. दिला. त्याचं काय झालं ते कळवा. हे सारखे विचारतात, आणि मला सांगतात, तू विचार.

वहिनी


२८ एप्रिल

सौ. वहिनींस,

कंपनीचा माणूस दुकानात येऊन गेला. बरोबर त्याचा साहेब होता. साहेब भला वाटला. जिना बघून म्हणाला, करकरत नाही.

त्यांनी पान सगळ्या जातींच्या फोनांवर घासूनपुसून बघितलं होतं. म्हणाले, कुठेच अडत नाही, आमच्या माणसांना हे जमलेलं नाही. हे मी तुम्हाला बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगितलं तरी चालेल.

त्यांना पान विकत हवं होतं. चाळीस केंद्रांवर लावणार. पान त्यांचं, नाव त्यांचं, देखभालीला वर्षभर मी. एवढं सगळं मला मान्य होतं. मग साहेब म्हणाला, पिवळी पट्टी काढावी लागेल. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "पिवळं दिसलं की पेशंट फोन करतो. फोन आला की तो उचलायला माणूस ठेवावा लागतो. माणूस ठेवायचा तर केंद्रवाले आमचं यंत्र कशाला घेतील?"

मी विचारलं, माहिती शिळी झाली तर पेशंटला कसं कळणार?

"वारंवार होत नाही तसं."

वारंवार होत नाही, हे खरं आहे. मी त्याला घड्याळजींची हकिगत सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली, वाईट वाटलं म्हणाला, आणि पुन्हा पट्टीवर आला. मी म्हटलं, पट्टी ठेवा, मी निम्म्यात देतो. त्याने मान हलवली. मी म्हटलं, पट्टी बारीक करतो, रंग फिका करतो, पण फोन नंबर राहील. त्याने पुन्हा मान हलवली. मग मी चहा सांगितला, आणि आम्ही तिघांनी जिन्याच्या लाकडाबद्दल बोलत तो घेतला.

तुमच्या जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता विचारलं, "त्या घड्याळवाल्यांना आता बरं आहे ना?" मी म्हटलं, आहे. तेवढ्यावर तो विषय संपला.

पान तुमच्या केंद्राकडेच राहील. दुसऱ्या कुणाला हवं असेल तर पट्टीसकट न्यावं, मी लावून देईन.

दादाला आकडा ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितो. साडेचौदा लाख देत होते, एकरकमी. मी नको म्हणून सांगितलं.

तुमचा दीर